शिक्का आमचा, मजकूर दुसऱ्याचा



विश्वस्त मंडळाच्या मागील बैठकीत शाळेच्या वेबसाइटचा विषय निघाला होता. आमचा एक माजी विद्यार्थी या वेबसाइटची देखभाल करतो, तीही विनामोबदला. प्रवेश-अर्ज भरून घेण्यासाठी आपण जे प्लगइन वापरतो त्यात ‘क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी’ नावाची उणीव सापडली आहे, असे त्याने कळवले होते. ती दूर करणारी नवी आवृत्ती येऊन काही महिने झाले होते, पण आपल्याकडे जुनीच चालू होती. सुदैवाने नुकसान काही झाले नव्हते आणि त्याने त्याच दिवशी नवी आवृत्ती बसवली. बैठकीत मात्र एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, “वेबसाइटचा पासवर्ड फक्त दोघांकडे आहे. तो कोणी चोरला नाही, कोणी कोणाला सांगितला नाही. मग बाहेरचा माणूस आपल्या वेबसाइटवर बदल करूच कसा शकतो?”

प्रश्न अगदी रास्त होता. आम्हाला त्याचे उत्तर देता आले नाही. “पुढच्या अंकात लिहून देतो,” असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. आज ते ऋण फेडत आहोत.

आधीच सांगतो, आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी आम्ही घरी बोललो आणि आईच्या हाताखाली वाचायला शिकलो. संगणकाशी ओळख तर नोकरीला लागल्यानंतरची. त्यामुळे हा विषय समजून घेण्यास आम्हाला बराच वेळ लागला. त्या माजी विद्यार्थ्याने दोन रविवार आमच्यासाठी खर्च केले. ज्या क्रमाने आम्हाला समजले त्याच क्रमाने लिहितो. भाषेत काही उणे राहिल्यास सांभाळून घ्यावे.

आधी एक कागदाची गोष्ट

ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची, पण संगणकाचा हा विषय आम्हाला खरा उमगला तो तिच्यामुळे.

जुलै महिना होता. प्रवेशाची गर्दी, बाहेर पाऊस, आणि टेबलावर सह्यांसाठी कागदांचा ढीग. त्यात बोनाफाइड प्रमाणपत्रे, बसच्या सवलतीचे अर्ज, टी.सी. म्हणजे शाळा सोडल्याचे दाखले, असे सर्व काही असे. बाबूजी कागद पुढे सरकवत आणि आम्ही सही करत जात असू. दोन दिवसांनी एका विद्यार्थिनीची आई कार्यालयात आली. डोळ्यांत पाणी होते. मुलीचे नाव शाळेतून कमी झाल्याचे त्यांना वर्गशिक्षिकेकडून कळले होते. टी.सी. त्यांनी मागितलाच नव्हता. घरातील वादातून एका नातेवाइकाने वडिलांच्या नावे अर्ज लिहून आणला, तो ढिगात ठेवला गेला, आणि टी.सी. घेऊन तो गृहस्थ निघूनही गेला.

सही आमचीच होती. शिक्का शाळेचा होता. रजिस्टरमधील नोंदही रीतसर होती. कोणी आमची सही खोटी केली नव्हती की शिक्का पळवला नव्हता. दाखला देण्याची आमची इच्छा मात्र नव्हती, आणि त्या माउलीची तर नव्हतीच. मुलीला आम्ही त्याच दिवशी परत वर्गात बसवले. तरी ती दुपार आम्ही विसरलेलो नाही.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. टी.सी.साठी कोऱ्या कागदावरचा अर्ज घ्यायचा नाही. पालकाने स्वतः खिडकीवर यायचे. तेथे त्याला क्रमांक घातलेला छापील अर्ज मिळेल आणि तो क्रमांक कोणाला दिला याची नोंद आमच्या वहीत राहील. परत आलेल्या अर्जावर तोच क्रमांक असेल, तरच कागद सहीसाठी पुढे येईल. हा नियम लक्षात ठेवावा. पुढे याचेच काम आहे.

वेबसाइट माणसाला ओळखते कशी?

आपण ब्राउझरमध्ये एखादे पान उघडतो तेव्हा ब्राउझर दूरच्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, एक विनंती पाठवतो आणि सर्व्हर उत्तरादाखल पान पाठवतो. या व्यवहाराची मूळ रचनाच अशी आहे की प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. मघाशी कोण आले होते हे सर्व्हरच्या ध्यानात राहत नाही. असे असेल तर एकदा पासवर्ड दिल्यावर पुढच्या प्रत्येक पानावर तो पुन्हा द्यावा लागेल.

ही अडचण दूर करण्यासाठी १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी ‘कुकी’ची युक्ती काढली. खजराना गणपतीला गेल्यावर आपण चपला ठेवतो आणि क्रमांकाचा बिल्ला घेतो. परत आल्यावर तेथे कोणी नावगाव विचारत नाही, बिल्ला पाहतात. कुकी म्हणजे असाच बिल्ला. आपण बरोबर पासवर्ड दिला की सर्व्हर ब्राउझरजवळ बिल्ला देतो, आणि त्यानंतर त्या वेबसाइटकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत ब्राउझर तो आपणहून दाखवतो. आपल्याला काहीच करावे लागत नाही.

या ‘आपणहून’ शब्दातच सारी गोम आहे. ब्राउझर बिल्ला दाखवतो तो विनंती कोणत्या वेबसाइटकडे चालली आहे हे पाहून. ती विनंती कोणाच्या मनातून निघाली, हे पाहणे त्याच्या मूळ कामात नव्हतेच.

फसवणूक होते ती अशी

आता आमचेच उदाहरण घेऊ. सूचना-फलकाचे पान बदलण्यासाठी आम्ही सकाळी वेबसाइटच्या व्यवस्थापन विभागात लॉगिन करत असू आणि ते दिवसभर तसेच उघडे ठेवत असू. दुपारी ई-मेलवर एक दुवा आला, समजा, ‘परीक्षेचे सुधारित वेळापत्रक’. तो आम्ही बाजूच्या टॅबमध्ये उघडला. पानावर वेळापत्रक दिसते आहे, आम्ही ते वाचतो आहोत. त्याच पानात एक न दिसणारा फॉर्म दडवलेला आहे. तो आधीच भरलेला आहे, आणि पान उघडताच आपोआप रवाना होईल अशी सोय केलेली आहे. त्यावर पत्ता आहे आपल्या शाळेच्या वेबसाइटचा, आणि मजकूर आहे, ‘फी भरण्याच्या पानावरील बँक खात्याचा क्रमांक बदलून हा टाका.’

हा फॉर्म निघतो कोठून? आमच्याच ब्राउझरमधून. शाळेच्या वेबसाइटकडे विनंती चालली आहे हे पाहून ब्राउझर इमानाने आमचा बिल्ला सोबत जोडतो. पलीकडे सर्व्हर पाहतो, बिल्ला प्राचार्यांचा आहे आणि प्राचार्यांना बदल करण्याचा अधिकार आहे. तो मुकाट्याने बदल करतो. आम्ही इकडे वेळापत्रकच वाचत असतो.

कधी कधी तर फॉर्मही लागत नाही. पानातील चित्र आणण्यासाठी ब्राउझर चित्राच्या पत्त्यावर विनंती पाठवतो. त्या जागी चित्राऐवजी ‘अमुक नोंद काढून टाका’ असा हुकूम देणारा पत्ता लिहिला, तरी ब्राउझर तो चित्राचाच समजून तेथे जातो. म्हणून जाणकारांचा पहिला नियम असा की, नुसता पत्ता उघडल्याने वेबसाइटमध्ये कोणताही बदल होता कामा नये.

येथे तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. एक, फसवणाऱ्याला आपला पासवर्ड कळत नाही. दोन, आपला बिल्लाही त्याच्या हाती लागत नाही. तीन, सर्व्हरने काय उत्तर दिले हेही त्याला सहसा पाहता येत नाही, कारण एका वेबसाइटच्या पानाला दुसऱ्या वेबसाइटचे पान वाचू न देणे हा ब्राउझरचा पक्का नियम आहे. तो फक्त बाहेरून एक कागद आमच्या ढिगात सरकवतो. पण काम तेवढ्यानेच होते. विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. पासवर्ड चोरावाच लागत नाही, कारण दार आपणच उघडून आत बसलेलो असतो.

ब्राउझरच्या पट्टीवर कुलपाचे चिन्ह असले म्हणजे सर्व सुरक्षित, असाही आमचा समज होता. ते कुलूप वाटेत कोणी मजकूर वाचू नये यासाठी असते. येथे मजकूर वाटेत कोणी वाचत नाही किंवा बदलत नाही. तो निघतानाच दुसऱ्याचा असतो. कुलूप त्यालाही तितक्याच इमानाने सुखरूप पोचवते.

नाव आणि थोडा इतिहास

‘क्रॉस-साइट’ म्हणजे एका स्थळावरून दुसऱ्या स्थळी, ‘रिक्वेस्ट’ म्हणजे विनंती आणि ‘फोर्जरी’ म्हणजे बनावट. एका वेबसाइटवरून दुसरीकडे पाठवलेली बनावट विनंती, असा याचा सरळ अर्थ. हे नाव २००१ साली पीटर वॉटकिन्स यांनी दिले. इंग्रजी आद्याक्षरांवरून सीएसआरएफ म्हणतात आणि काही जण ‘सी-सर्फ’ असा उच्चार करतात.

दुखणे मात्र त्याहून जुने आहे. १९८८ साली नॉर्म हार्डी यांनी एक छोटा लेख लिहिला होता. त्याच्या नावाचे मराठी आम्ही ‘गोंधळलेला कारभारी’ असे करू. एका मोठ्या संगणकावर कंपायलर नावाचा कार्यक्रम होता. त्याला आपल्या कामाची आकडेवारी खास कप्प्यात लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. त्याच कप्प्यात ग्राहकांच्या बिलांची फाइलही होती. वापरणाऱ्याला त्या फाइलला हात लावता येत नसे. पण एकाने कंपायलरला सांगितले, “माझे तपशील या नावाच्या फाइलमध्ये लिही,” आणि नाव दिले बिलांच्या फाइलचे. कंपायलरने आपल्या अधिकारात ती फाइल उघडली आणि बिलांची माहिती पुसली गेली. अधिकार कारभाऱ्याचा, इच्छा दुसऱ्याची! आमच्या टी.सी.च्या प्रसंगात तो कारभारी आम्ही होतो. वेबसाइटच्या बाबतीत तो कारभारी ब्राउझर असतो.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. २००८ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे विल्यम झेलर आणि एडवर्ड फेल्टन यांनी काही नामांकित वेबसाइट तपासल्या. आयएनजी डायरेक्ट या बँकेच्या वेबसाइटवर ग्राहकाच्या नकळत नवे खाते उघडता येते आणि पैसेही दुसरीकडे वळवता येतात, असे त्यांना आढळले. त्यांनी ते बँकेस कळवले आणि दुरुस्ती झाली. यूट्यूबवरही तेव्हा अशीच उणीव निघाली होती. इतकी मोठी मंडळी जेथे चुकली, तेथे आपल्यासारख्यांची काय कथा!

उपाय : खिडकीवरचा क्रमांक

उपाय आम्ही ऐकला तेव्हा हसूच आले, कारण तो आमच्या टी.सी.च्या नियमासारखाच निघाला.

वेबसाइट जेव्हा फॉर्म दाखवते तेव्हा त्यात एक गुप्त सांकेतिक क्रमांक दडवून देते. तो माणसागणिक, कामागणिक आणि वेळेगणिक वेगळा असतो. फॉर्म परत आला की सर्व्हर आधी तो क्रमांक तपासतो. क्रमांक नसेल किंवा चुकीचा असेल, तर बिल्ला कितीही खरा असला तरी काम होत नाही. फसवणाऱ्याला आपल्या वेबसाइटचे पान वाचता येत नाही हे वर सांगितलेच. मग त्यातील क्रमांक त्याला कळणार कसा? बिल्ला ब्राउझर आपणहून जोडतो, पण हा क्रमांक जोडत नाही. तो फक्त आमच्या खिडकीवर दिलेल्या खऱ्या अर्जातच असतो.

म्हणजे सर्व्हरने दोन वेगवेगळे प्रश्न विचारायला हवेत. पहिला, ‘हे करण्याचा तुम्हाला अधिकार आहे का?’ दुसरा, ‘हे तुम्हीच मागितले आहे का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर बिल्ल्यावरून मिळते, दुसऱ्याचे क्रमांकावरून. या फसवणुकीत पहिल्याचे उत्तर नेहमी ‘होय’ असेच येते. म्हणून दुसरा प्रश्न न विचारणारी वेबसाइट फसते.

मग प्लगइनमध्येच का?

आपली वेबसाइट वर्डप्रेस या मोफत प्रणालीवर चालते. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ती २००३ साली सुरू केली. २००४ मध्ये तिला प्लगइनची सोय आली. प्लगइन म्हणजे वरून बसवायचा जोडभाग. प्रवेश-अर्जाचा फॉर्म, छायाचित्रांचे दालन, वेळापत्रक, प्रत्येकासाठी वेगळे प्लगइन मिळते. मुख्य घर एकाचे, पण खोल्या वेगवेगळ्या कारागिरांनी काढलेल्या, असा हा प्रकार आहे. असे पन्नास हजारांहून अधिक जोडभाग उपलब्ध आहेत. कोणी मोठ्या कंपनीने केलेले, तर कोणी एकट्या हौशी माणसाने रात्री जागून केलेले.

वर वर्णन केलेल्या गुप्त क्रमांकाची सोय वर्डप्रेसमध्ये २००६ साली आली. तेथे त्यास ‘नॉन्स’ म्हणतात. एकदाच वापरायचा अंक, असा त्या शब्दाचा अर्थ. प्रत्यक्षात वर्डप्रेसचा नॉन्स जास्तीत जास्त एक दिवस चालतो. वर्डप्रेस स्वतःच्या फॉर्ममध्ये तो घालते आणि तपासते. पण प्लगइन करणाऱ्याने आपल्या फॉर्ममध्ये तो स्वतः घालावा लागतो आणि स्वतःच तपासावा लागतो. घराच्या मुख्य दाराला कडी आहे, म्हणून नव्या खोलीच्या दाराला ती आपोआप लागत नाही. कारागीर विसरला की दार तसेच राहते. गंमत अशी की विसरले तरी खोली वापरायला काही अडचण येत नाही. फॉर्म छान चालतो, अर्ज येतात, कोणाची तक्रार नसते. त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही.

‘कोड स्निपेट्स’ नावाच्या प्लगइनची हकिगत यासाठी सांगण्याजोगी आहे. वेबसाइटमध्ये छोटे-छोटे प्रोग्राम बसवण्यासाठी ते वापरतात, आणि २०२० साली ते दोन लाखांहून अधिक वेबसाइटवर होते. त्याचा कर्ता निष्काळजी नव्हता. जवळजवळ प्रत्येक फॉर्मला त्याने नॉन्स लावलेला होता. बाहेरची फाइल आत घेण्याचा, म्हणजे ‘इम्पोर्ट’चा, एक फॉर्म तेवढा राहून गेला. आत आलेला प्रोग्राम आधी बंद स्थितीत राहील, अशी खबरदारीही त्याने घेतली होती. पण पाठवणाऱ्याने फाइलमध्येच ‘हा चालू समजावा’ अशी खूण केली तर तो लगेच चालू होत असे. म्हणजे व्यवस्थापकाने एका फसव्या दुव्यावर टिचकी मारली की परक्याचा प्रोग्राम त्या वेबसाइटवर चालू लागणार आणि सारी वेबसाइट त्याच्या ताब्यात जाणार! वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीच्या लोकांना २३ जानेवारी २०२० रोजी ही उणीव सापडली, त्यांनी कर्त्याला कळवले आणि २५ जानेवारीला दुरुस्त आवृत्ती निघाली. दहा दारे लावली आणि अकरावे उघडे राहिले, तर चोर पहिल्या दहा दारांकडे फिरकतही नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘रिअल-टाइम फाइंड अँड रिप्लेस’ या प्लगइनमध्ये हीच उणीव निघाली. ते एक लाखाहून अधिक ठिकाणी होते. पान वाचकाकडे जाता जाता त्यातील एक शब्द काढून दुसरा घालणे, हे त्याचे काम. मूळ पान आहे तसेच राहते, वाचकाला मात्र बदललेले दिसते. शाळेच्या फीच्या पानावर असे झाले तर काय, याचा विचार पालकांनीच करावा. त्या कर्त्यानेही कळल्यापासून काही तासांतच दुरुस्ती केली.

या दोन्ही प्रसंगांतून आम्ही एक धडा घेतला. कर्त्याने दुरुस्ती दोन दिवसांत केली काय किंवा काही तासांत केली काय, ती आपल्या वेबसाइटवर पोचते ती आपण अपडेट करू तेव्हाच. उलट दुरुस्ती जाहीर झाली की उणीव कोठे होती हे साऱ्या जगाला कळते. तेव्हा जुनी आवृत्ती ठेवणे पूर्वीपेक्षाही धोक्याचे होते. आपण नेमके हेच केले होते, आणि कित्येक महिने.

आता ब्राउझर मदत करत नाहीत का?

करतात. कोणती कुकी परक्या स्थळावरून निघालेल्या विनंतीसोबत जाऊ द्यायची नाही, हे ठरवण्याची ‘सेमसाइट’ नावाची सोय आता ब्राउझरांत आहे. २०२० साली क्रोम ब्राउझरने ती बहुतेक कुकींना आपोआप लागू करण्यास सुरुवात केली. वेबसाइट बांधण्याच्या नव्या साधनांतही गुप्त क्रमांक बहुधा तयारच मिळतो. म्हणूनच ओवॅस्प या संस्थेच्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत २००७ साली पाचव्या क्रमांकावर असलेला हा दोष २०१७ च्या यादीतून वगळला गेला.

पण म्हणून निर्धास्त होता येत नाही. सर्व ब्राउझर याबाबत सारखे वागत नाहीत, आणि दुव्यावर टिचकी मारून सरळ पान उघडले तर या सोयीतही कुकी बरोबर जाऊ शकते. मुळात क्रमांक तपासणे हे वेबसाइटचेच काम आहे. प्लगइनमध्ये अशा उणिवा आजही सापडतात.

घरातही हेच

पालकांना वाटेल, आमची कोठे वेबसाइट आहे? घरी वाय-फायचा राउटर असेलच. त्याचेही सेटिंग ब्राउझरमधूनच बदलतात. जानेवारी २००८ मध्ये मेक्सिकोतील एक प्रकार सिमँटेक कंपनीने उघडकीस आणला. लोकांना शुभेच्छापत्राच्या नावाखाली ई-मेल येत असे. त्यात चित्राच्या जागी घरच्या राउटरला दिलेला हुकूम दडवलेला होता. ई-मेल उघडताच राउटरचे सेटिंग बदलत असे, आणि मग बँकेचा बरोबर पत्ता लिहूनही माणूस बनावट पानावर पोचत असे. म्हणून राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड बदलावा आणि त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे. बँकेचे काम झाले की नुसता टॅब बंद न करता लॉगआउट करावे. लॉगआउट म्हणजे बिल्ला परत करणे. बिल्लाच नसेल तर बनावट विनंतीसोबत जाणार काय?

शाळेने काय ठरवले?

चूक कोणाची हे प्रांजळपणे सांगायला हवे. प्लगइनमध्ये उणीव राहिली ही त्याच्या कर्त्याची चूक. अपडेट लांबले ही आमची, कारण ते काम नेमके कोणाचे हे आम्ही कधी ठरवलेच नव्हते. एका होतकरू मुलाच्या फुकटच्या सेवेवर आम्ही विसंबून राहिलो. आणि दिवसभर लॉगिन उघडे ठेवण्याची सवय तर सर्वस्वी आमचीच. लॉगिन करताना ‘लक्षात ठेवा’ या चौकटीत खूण केली की वर्डप्रेस तो बिल्ला चौदा दिवस चालवते. आम्ही ती खूण दर वेळी करत होतो!

आता पुढील नियम केले आहेत.

१. वेबसाइटचे काम कार्यालयातील एका वेगळ्या ब्राउझरमध्येच होईल. त्यात ई-मेल किंवा दुसरे काही उघडायचे नाही. एका ब्राउझरचा बिल्ला दुसऱ्याकडे जात नाही.

२. काम संपताच लॉगआउट. ‘लक्षात ठेवा’वर खूण नाही.

३. प्राचार्यांना यापुढे व्यवस्थापकाचा अधिकार नाही. सूचना लिहिण्यापुरता संपादकाचा अधिकार पुरे. आमच्या नावे बनावट हुकूम गेलाच, तरी त्याची मजल तेवढीच राहील. खुर्चीचा मान अधिकाराच्या संख्येवर नसतो, हे आम्ही स्वतःलाही समजावले आहे.

४. दर सोमवारी प्लगइनची तपासणी होईल. २०२० सालापासून वर्डप्रेसमध्ये प्लगइन आपोआप अपडेट होण्याची सोय आहे, ती चालू केली आहे. वेबसाइटची एक प्रत आठवड्याला वेगळी ठेवली जाईल.

५. जी प्लगइन वापरात नाहीत ती काढून टाकली आहेत. कधीतरी कामास येतील म्हणून अशी सात ठेवली होती.

६. फीचा बँक खाते क्रमांक कधीही केवळ वेबसाइटवरून बदलला जाणार नाही. बदल झालाच तर छापील सूचना विद्यार्थ्यांच्या हाती दिली जाईल. पालकांनी वेबसाइटवर वेगळा क्रमांक दिसल्यास पैसे न भरता आधी कार्यालयात विचारावे.

विश्वस्तांना आमची एक विनंती आहे. इमारतीच्या रंगरंगोटीसाठी दर वर्षी तरतूद असते. वेबसाइटच्या देखभालीसाठीही एक ठरावीक रक्कम असावी, आणि जो हे काम करतो त्यास त्याचा मोबदला मिळावा. प्रवेश-अर्जात मुलांची नावे, पत्ते, पालकांचे फोन असतात. पालक ते शाळेच्या भरवशावर लिहून देतात.

आणि विद्यार्थी मित्रांनो, हे वाचून एखाद्याला दुसऱ्याच्या वेबसाइटवर हा प्रयोग करून पाहावासा वाटेल. तसे करू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० खाली तो गुन्हा ठरू शकतो. ज्याला खरी गोडी आहे त्याने स्वतःच्या संगणकावर वर्डप्रेस बसवावे, एक लहान फॉर्म करावा, त्यात नॉन्स घालून आणि काढून पाहावे. संगणक कक्ष शनिवारी दुपारी त्यासाठी खुला राहील. आणि कोठे उणीव दिसलीच, तर ज्याची वेबसाइट त्याला गुपचूप कळवावे. वर सांगितलेल्या सर्व दुरुस्त्या अशाच झाल्या.

टी.सी.चा तो प्रसंग घडला त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक कागद वाचून सही करतो. वेळ लागतो, बाबूजी कधी कधी वैतागतात. पण ‘हे खरेच तुम्ही मागितले आहे का?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारायचा राहिला आणि एका मुलीला दोन दिवस शाळेबाहेर राहावे लागले. आपल्या वेबसाइटलाही आता तो प्रश्न विचारता येऊ लागला आहे. तो ती रोज विचारते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आमची.

आपला,
प्राचार्य